एक ठोकळा, चार पिढ्या

८२.५ मिलिमीटर व्यासाचे चार सिलिंडर, एका ओळीत. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांच्या केंद्रांमध्ये ८८ मिलिमीटर अंतर. पिस्टनचा प्रवास ९२.८ मिलिमीटर. या मापांतून १,९८४ सीसी क्षमता भरते. पिस्टनचा प्रवास ८४.१ मिलिमीटरवर आणला की तेच इंजिन १,७९८ सीसीचे होते. फोक्सवॅगन समूहाच्या ‘ईए ८८८’ या टर्बो-पेट्रोल इंजिनकुळाची ही मूळ मापे.

२००७ साली हे कूळ १.८ लिटरच्या इंजिनाने सुरू झाले, तेव्हा त्याची ताकद होती १६० अश्वशक्ती. पुढे दोन लिटरच्या इंजिनाने ऑडी ए४ सारख्या घरगुती वापराच्या गाडीत १९० अश्वशक्ती दिली, आठव्या पिढीच्या गोल्फ जीटीआयमध्ये २४५, आणि गोल्फ आरच्या विसाव्या वर्षानिमित्त काढलेल्या आवृत्तीत ३३३. पोर्शची मॅकान, स्कोडाची सुपर्ब आणि सीटची लिऑन कुप्रा यांचे स्वभाव एकमेकींशी जुळत नाहीत, तरी तिघींच्या बॉनेटखाली याच कुळातले इंजिन बसलेले आहे. ब्लॉकची मापे जागच्या जागी राहिली आणि ताकद, पेट्रोलचा खर्च, धुराची शुद्धता हे सगळे बदलत गेले. ते कसे घडले, हा या पुस्तकाचा विषय.

मराठीत गाड्यांवर पुष्कळ लिहिले जाते. त्यातले बहुतेक लेखन किंमत, ॲव्हरेज, डिकीची जागा आणि पडद्याचा आकार यांच्यापाशी थांबते. बॉनेट उघडून आत काय विचार झाला आहे, हे सांगणारे फार थोडे. खरे तर गेल्या वीस वर्षांतली मोटार-अभियांत्रिकीतली सर्वांत चुरशीची झुंज त्या बॉनेटखालीच झाली. एका बाजूने कायदे कडक होत होते, दुसऱ्या बाजूने ग्राहकाला पिकअपही हवा होता आणि मायलेजही. ईए ८८८ हे त्या झुंजीचे सर्वांत नीट वाचता येणारे उदाहरण आहे, कारण एकच रचना हातात धरून अभियंत्यांनी ती पिढ्यानपिढ्या दुरुस्त केली. तिच्या यशाइतक्याच तिच्या चुकाही उघड्या आहेत.

टर्बोची कल्पना तशी जुनी. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली तिचे पेटंट घेतले. पेट्रोल जळून निर्माण होणाऱ्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश उष्णता सायलेन्सरमधून हवेत निघून जाते. त्या वाया जाणाऱ्या धुराच्या वाटेत एक छोटे पात्यांचे चाक बसवायचे, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक चाक लावायचे आणि त्याच्याकडून बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये भरून घ्यायची. हवा जास्त मिळाली की जास्त पेट्रोल जाळता येते आणि लहान इंजिन मोठ्या इंजिनाचे काम करते. ही दोन चाके मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतात.

डिझेल इंजिनाला ही युक्ती सहज मानवली. पेट्रोलला मात्र ती बराच काळ पचली नाही.

कारण हवा दाबली की तापते. आधीच तापलेली हवा सिलिंडरमध्ये पिस्टनकडून पुन्हा दाबली गेली, की मिश्रणाचा काही भाग ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच आपोआप पेटतो. गॅरेजमध्ये याला नॉकिंग म्हणतात, आणि ते वाढले तर पिस्टन फुटतो. जुना उपाय एकच होता: कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते प्रमाण, खाली आणा. १९७३ सालच्या बीएमडब्ल्यू २००२ टर्बोमध्ये तो ६.९ इतका कमी ठेवला होता. परिणामी टर्बो फिरू लागेपर्यंत गाडी सुस्त आणि तो फिरला की एकदम उसळी. त्यातच तेलसंकट आले आणि १,६७२ गाड्यांनंतर तिचे उत्पादन थांबले. स्वीडनच्या साबने १९७७ साली ९९ टर्बो लोकांसमोर आणली, तेव्हा विचाराची दिशा बदलली. साबने दाब मर्यादेत ठेवणारा वेस्टगेट वापरून रोजच्या वेगांत ताकद मिळवण्यावर भर दिला. टर्बो हा शर्यतीच्या गाडीचा शौक न राहता घरच्या गाडीचा भाग होऊ शकतो, हे त्या गाडीने दाखवून दिले.

नॉकिंगवरचा खरा उतारा मिळाला तो पेट्रोल फवारण्याची जागा बदलल्यावर. पूर्वी पेट्रोल इनटेकच्या नळीत फवारले जाई आणि हवेबरोबर आत ओढले जाई. ते थेट सिलिंडरमध्ये फवारले, तर तिथेच त्याची वाफ होते आणि ती होताना आतल्या हवेची उष्णता शोषली जाते. हवा थंडावली की नॉकिंग लांबते. मित्सुबिशीने १९९६ साली थेट फवारणीचे पेट्रोल इंजिन मोठ्या प्रमाणावर बाजारात आणले. फोक्सवॅगन समूहाने २००४ मध्ये तिला टर्बोची जोड दिली, आणि २०० अश्वशक्तीचे दोन लिटरचे टीएफएसआय इंजिन तयार झाले. त्याचा कॉम्प्रेशन रेशो साडेदहाच्या आसपास होता. बीएमडब्ल्यूच्या ६.९ शेजारी हा आकडा ठेवला, की तीस वर्षांत केवढे अंतर कापले गेले ते कळते. ते इंजिन जुन्या ईए ११३ कुळातले. ईए ८८८ हा त्याचाच वारसदार.

वेळही अचूक साधली गेली. २००९ साली युरोपीय संघाने कायदा करून नव्या गाड्यांच्या सरासरी कार्बन डायऑक्साइडला किलोमीटरमागे १३० ग्रॅमची मर्यादा घातली आणि पुढचे लक्ष्य ९५ ग्रॅमचे ठेवले. कंपन्यांना सहा सिलिंडरांच्या जागी चार सिलिंडर आणून ग्राहकाला फरक जाणवू द्यायचा नव्हता. २०१५ मध्ये याच समूहाचा डिझेल गैरव्यवहार अमेरिकेत उघडकीस आला. तो ईए १८९ या वेगळ्या इंजिनाचा. पण त्यानंतर युरोपातला ग्राहक डिझेलकडून पेट्रोलकडे वळू लागला आणि ईए ८८८ वरचा भार आणखी वाढला.

आता इंजिनाकडे वळू. त्याचा ब्लॉक बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. ॲल्युमिनियमचे युग आले असताना बीड निवडणे जुनाट वाटू शकते, पण टर्बोच्या दाबाखाली बीड भक्कम उभे राहते. वजनाची तक्रार अभियंत्यांनी वेगळ्या मार्गाने सोडवली. तिसऱ्या पिढीत ब्लॉकच्या भिंतींची जाडी ३.५ मिलिमीटरवरून ३ मिलिमीटरवर आणली गेली. बीड इतके पातळ आणि तरी निर्दोष ओतणे, हे ओतकामाच्या कारखान्याचे कसब आहे, आणि इंजिनाच्या इतिहासात त्याची दखल क्वचितच घेतली जाते.

ब्लॉकमध्ये क्रँकशाफ्टच्या दोन्ही बाजूंना एकेक बॅलन्स शाफ्ट आहे. सरळ चार सिलिंडरच्या इंजिनात दोन पिस्टन वर असताना दोन खाली असतात, पण वरच्या अर्ध्या प्रवासातला पिस्टनचा वेग आणि खालच्या अर्ध्यातला वेग सारखा नसतो. या फरकातून क्रँकशाफ्टच्या दुप्पट गतीची थरथर उठते. ब्रिटिश अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर याने विसाव्या शतकाच्या आरंभीच तिच्यावर तोड सांगितली होती: मुद्दाम असमतोल ठेवलेले दोन दांडे दुप्पट वेगाने, एकमेकांच्या उलट दिशेने फिरवायचे. सिग्नलला उभ्या असलेल्या स्कोडाच्या ऑक्टाव्हियात इंजिन चालू आहे की बंद, असा प्रश्न पडतो, त्याचे श्रेय या दोन दांड्यांना बरेचसे जाते.

कॅमशाफ्ट फिरवण्यासाठी ईए ११३ मध्ये रबरी पट्टा होता. ईए ८८८ मध्ये त्याची जागा टायमिंग चेनने घेतली. चेन इंजिनाच्या आयुष्यभर टिकावी, अशी अपेक्षा होती. नेमकी तिथेच पहिली मोठी चूक झाली.

चेन ताणून धरणारा टेन्शनर हा बोटभर लांबीचा भाग. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब त्याचा दट्ट्या चेनच्या पट्टीवर रेटून धरतो. इंजिन बंद झाले की ऑइलचा दाब जातो, आणि तेव्हा दट्ट्या मागे सरकू नये म्हणून त्याला दातांची खाच असते. सुरुवातीच्या टेन्शनरमध्ये ही खाच दगा देई. गाडी रात्रभर उभी राहिली, दट्ट्या मागे गेला, सकाळी स्टार्टर मारला आणि सैल चेन एक-दोन दात उडाली, की व्हॉल्व्हच्या उघडझापीचा मेळ बिघडतो. वर येणारा पिस्टन आणि उघडा राहिलेला व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात. बोटभर भागापायी अख्खे हेड खराब. कंपनीने पुढे सुधारित टेन्शनर आणला. अमेरिकेत ग्राहकांनी सामूहिक दावा लावला आणि २०१८ साली न्यायालयाने त्यातल्या तडजोडीला मंजुरी दिली.

दुसरी तक्रार इंजिन ऑइल खाण्याची. दुसऱ्या पिढीत घर्षण कमी करण्यासाठी पिस्टनच्या रिंगा बारीक आणि हलक्या ताणाच्या केल्या गेल्या. सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल खरवडून खाली पाठवणाऱ्या रिंगेची भोके लहान होती. ती काजळीने बुजली की ऑइल वर राहते आणि पेट्रोलबरोबर जळते. बाहेर गळती नाही, तरी डिपस्टिक कोरडी पडत जाते. यावर नव्या बनावटीचे पिस्टन आणि रिंगा, हाच खात्रीचा इलाज ठरला.

तिसरी गोष्ट थेट फवारणीच्या पोटातली. पेट्रोल नळीत फवारले जाई तेव्हा ते इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवरून वाहत जाऊन तो धुऊन काढी. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जाऊ लागल्यावर ही धुलाई थांबली. क्रँककेसमधून येणारी ऑइलची वाफ व्हॉल्व्हच्या पाठीवर साचून कडक होते आणि हवेची वाट अरुंद करते. इनटेक मॅनिफोल्ड काढून अक्रोडाच्या टरफलांची भरड हवेच्या झोताने मारायची आणि हा थर उडवायचा, अशी सफाई आज अनेक गॅरेजांत होते.

हे तिन्ही दोष पुढील प्रकरणांत सविस्तर मांडले आहेत. त्यांच्याशिवाय तिसऱ्या पिढीचे मोल कळणार नाही.

२०११ च्या अखेरीपासून आलेल्या या पिढीचे सिलिंडर हेड नीट पाहण्यासारखे आहे. पूर्वी हेडच्या बाहेर एक्झॉस्ट मॅनिफोल्ड बोल्टने जोडलेला असे आणि त्याला टर्बो. तिसऱ्या पिढीत हा मॅनिफोल्ड हेडच्या ओतकामातच सामावून घेतला गेला. चारही सिलिंडरांचा धूर हेडच्या आतच एकत्र येतो आणि त्याच्या वाटेभोवती कूलंट खेळते. वरवर पाहता एक सुटा भाग कमी झाला, इतकेच. परिणाम मात्र दोन्ही टोकांना जाणवतो. थंडीत इंजिन सुरू केले की धुराची उष्णता कूलंटला मिळून इंजिन लवकर गरम होते. ऑटोबानवर पूर्ण वेगात असताना तेच कूलंट धूर निववते. पूर्वी अशा वेळी टर्बोची पाती वाचवण्यासाठी गरजेपेक्षा जास्त पेट्रोल फवारून धूर थंड करावा लागे. ते पेट्रोल कामाविना वाया जाई. नव्या हेडने ही उधळपट्टी पुष्कळ कमी केली.

त्याच्या जोडीला थर्मोस्टॅटही बदलला. मेणाच्या गोळीवर चालणाऱ्या साध्या थर्मोस्टॅटच्या जागी विजेच्या मोटरने फिरणारे दोन गोल झडपांचे मॉड्युल आले. इंजिन थंड असताना ते कूलंट ब्लॉकमध्ये जागच्या जागी उभे ठेवते आणि मग गरजेप्रमाणे वाट मोकळी करते. पेट्रोलची फवारणीही अनेक बाजारांत दुहेरी झाली: कमी भारावर नळीत, जास्त भारावर थेट सिलिंडरमध्ये. त्यामुळे धुरातले सूक्ष्म कण घटले आणि व्हॉल्व्हची धुलाईही परत आली. अमेरिकेतल्या गाड्यांना ही दुहेरी सोय दिली गेली नाही. कूलंटचे मॉड्युल प्लास्टिकचे असल्याने त्यातून गळतीच्या तक्रारीही पुढे आल्या. सुधारणेबरोबर नवा कच्चा दुवा येतो, हे या कुळात वारंवार दिसते.

२०१५ साली ऑडीने व्हिएन्नाच्या इंजिन परिषदेत आणखी एक पाऊल मांडले. राल्फ बुडाक या अभियंत्याच्या नावावरून त्याला बी-सायकल म्हणतात. त्याचे मूळ अमेरिकन अभियंता राल्फ मिलर याने विसाव्या शतकाच्या मध्याला मांडलेल्या चक्रात आहे. नेहमीच्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह क्रँकच्या १९० ते २०० अंशांपर्यंत उघडा असतो. बी-सायकलमध्ये तो १४० अंशांतच मिटतो, म्हणजे पिस्टन अजून खाली जात असतानाच. आत अडकलेली हवा प्रसरण पावते आणि थंड होते. दाबाचा प्रवास छोटा, जळलेल्या वायूने पिस्टन ढकलण्याचा प्रवास लांब. नॉकिंगची भीती घटल्यामुळे कॉम्प्रेशन रेशो ९.६ वरून ११.७ वर नेता आला. ऑडी ए४ मध्ये या इंजिनाने १९० अश्वशक्ती आणि १,४५० आरपीएमपासूनच ३२० न्यूटन-मीटर टॉर्क दिला, आणि तेव्हाच्या युरोपीय चाचणीत शंभर किलोमीटरला पाच लिटरपेक्षा कमी पेट्रोल घेतले. ताकदीची गरज पडली की कॅमशाफ्टवरचा लांब टप्प्याचा कॅम कामाला येतो आणि व्हॉल्व्ह अधिक काळ उघडा राहतो. एकाच इंजिनात काटकसर आणि जोर अशा दोन्ही सवयी अशा रीतीने नांदतात. चौथ्या पिढीने फवारणीचा दाब ३५० बारवर नेला आणि गोल्फ आरला ३२० अश्वशक्ती दिली.

मराठी वाचकाला या इंजिनाची ओळख झाली ती मुख्यतः स्कोडामुळे. ते तयार होते हंगेरीतील ग्यॉर, मेक्सिकोतील सिलाओ आणि चीनमधील कारखान्यांत. पण छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत ते गाड्यांत बसले. लॉरा, सुपर्ब आणि ऑक्टाव्हिया यांच्या १.८ टीएसआय आवृत्त्यांनी डिझेलच्या भरभराटीच्या काळात इथल्या चालकांना टर्बो-पेट्रोलची गोडी लावली. २०१३ च्या ऑक्टाव्हियात १८० अश्वशक्ती होती, पण टॉर्क २५० न्यूटन-मीटर. त्याच पिढीचे १.८ ऑडीत उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने, बसले की ३२० न्यूटन-मीटर देई. उणे पडत होता गिअरबॉक्स. ऑक्टाव्हियाच्या सात गिअरच्या कोरड्या क्लचच्या डीएसजी गिअरबॉक्सला २५० पर्यंतच भार सोसतो, म्हणून इंजिनाला आवर घातलेला होता. गाडीच्या माहितीपत्रकातला आकडा नेहमीच इंजिनाची कुवत सांगत नाही, तो पुष्कळदा पुढच्या जोडणीची मर्यादा सांगतो. २०२१ च्या ऑक्टाव्हियात दोन लिटरचे इंजिन आणि वेगळा डीएसजी आला, तेव्हा ऑडी ए४ चेच १९० आणि ३२० हे आकडे इथेही मिळाले. २०२३ मध्ये बीएस सहा या प्रदूषण-निकषाचा दुसरा टप्पा लागू होताना ऑक्टाव्हिया बंद झाली. २०२५ सालच्या दुसऱ्या पिढीच्या कोडियाकमध्ये दोन लिटरचे टीएसआय २०४ अश्वशक्तीसह शेंद्र्यात जोडले जाऊ लागले.

इथे एक गल्लत टाळायला हवी. पुण्याजवळ चाकणला बनणाऱ्या टायगुन, व्हर्टस, कुशाक आणि स्लाव्हिया यांच्यावरही टीएसआय हीच अक्षरे असतात. त्यांचे १.५ लिटरचे इंजिन ईए २११ या वेगळ्या कुळातले आहे. त्याचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा आणि कॅमशाफ्टला पट्टा. वर सांगितलेले चेनचे दुखणे त्याला लागू नाही.

विजेच्या गाड्यांच्या काळात पेट्रोल इंजिनावर पुस्तक कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. ग्यॉरच्या कारखान्यातही २०१८ पासून विद्युत मोटरी बनत आहेत. तरी रस्त्यावर धावणारी लाखो ईए ८८८ इंजिने अजून बरीच वर्षे दुरुस्त करावी लागतील, आणि ती दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकला, चालवणाऱ्या मालकाला आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला त्यांच्यातला विचार मराठीत समजला पाहिजे. या कुळाबद्दलचा निवाडा स्पष्ट आहे: पहिल्या दोन पिढ्या चालवायला सुरेख, पण सांभाळायला जोखमीच्या, तिसऱ्या पिढीपासून पुढे हे आपल्या वर्गातल्या उत्तम इंजिनांपैकी एक.

जुनी लॉरा, सुपर्ब किंवा ऑडी घेण्याच्या विचारात असलेल्या वाचकाने चेनच्या प्रकरणापासून वाचायला सुरुवात करावी. गाडी पाहायला सकाळी, इंजिन थंड असताना जावे, बॉनेट उघडून पहिला स्टार्ट स्वतः ऐकावा आणि डिपस्टिक स्वतः काढून पाहावी. टेन्शनर बदलल्याची पावती मागावी. पावती नसेल, तर तो भाग बदलल्याखेरीज गाडी लांबच्या प्रवासाला काढू नये.